सकाळच्या अळशीचा रंग

धुळ्याला आमच्या माहेरच्या गल्लीत कोणाला यायचं असेल तर घर नंबर लागत नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'निळं घर' म्हटलं की तो मान डोलावतो आणि वर विचारतो, "ते सरांचं ना?" निळं म्हणतात ते आपलं सभ्यपणाने. निळ्याने भांडण काढून जांभळ्याच्या घरात घुसावं, असा तो रंग आहे. भर दुपारी त्याच्याकडे बघितलं तर नंतर थोडा वेळ सगळ्या जगावर त्याचाच डाग दिसत राहतो.

हे मी उगाच बोलत नाही. माझं जळगावात मॅचिंग सेंटर आहे. ब्लाऊज पीस, परकर, फॉल, अस्तर. छतापर्यंत रंगांचे गठ्ठे लावलेत आणि दिवसभर बायका साडीचा पदर घेऊन रस्त्यावरच्या उजेडात जा-ये करतात. रंगांची नावंही आमच्या धंद्यात धंद्यासारखीच आहेत. राणी, गजरी, चटणी, तोता, मेहंदी, रामा. सावद्याची एक बाई येते, ती म्हणते, "ताई, गाडीत भरायच्या वेळच्या केळीचा हिरवा द्या," आणि मला तो बरोबर कळतो, कारण माझं सासर असोद्याचं आहे आणि लग्न झाल्यापासून मी केळी सोडून फारसं काही बघितलेलं नाही. तर असे सगळे रंग ओळखणाऱ्या माझ्या दुकानात आमच्या माहेरच्या भिंतीला मॅच होईल असा पीस आजवर आलेला नाही. आला तर मी परत पाठवीन.

तो रंग आमच्या आबांनी स्वतःच्या हाताने कालवला होता. आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत कोणी विचारत नाही म्हणतात, पण आबांना सगळे टरकून असत. चित्र वाकडं आलं तर ते एक वेळ सोडून देत, पण रंगाचं नाव चुकवलं की छडी. 'ब्राऊन' म्हणणाऱ्या पोराला ते विचारत, "तपकिरी म्हणायला तोंड दुखतं का? तपकीर माहीत आहे का, नाकात ओढतात ती? तिचा रंग तो तपकिरी." मग एकेका रंगाचं मूळ आणि कूळ निघायचं. खाकी म्हणजे धूळ, खाक. किरमिजी हा किरमिज नावाच्या किड्यापासून काढायचे. हिरमुजी ही तांबडी माती, ती समुद्रापलीकडच्या एका बेटावरून गलबतांतून यायची आणि नाव त्या बेटाचंच. पिवळ्याची एक जात म्हणे गाईला नुसती आंब्याची पानं खाऊ घालून तिच्या मुतापासून बनवत. "खरं-खोटं देव जाणे," असं आबाच पुढे म्हणायचे, पण तोवर वर्गातल्या पोरांनी पिवळ्या खडूला हात लावणं बंद केलेलं असायचं.

त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट एका परदेशी रंगाऱ्याची. तो बसला होता लाल रंग करायला. घेतलेला क्षार नेमका खराब निघाला, त्यात कुठल्या जनावराचं रक्त मिसळलेलं होतं, आणि लालच्या जागी तयार झाला गडद निळा. असा निळा तोवर कोणी बघितलेला नव्हता. "तांबडा करायला गेला आणि निळा घेऊन आला," आबा हात झटकून म्हणायचे. "चुकला म्हणून अजरामर झाला." ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकलीय की त्या रंगाऱ्याच्या बायकोला जेवढी माहीत नसेल तेवढी मला माहीत आहे.

ही विद्या शाळेपुरती राहिली असती तर बरं होतं. माझं लग्न ठरवायला आम्ही असोद्याला गेलो तेव्हा बैठकीत नवा कोरा सोफा होता, गडद तपकिरी. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, कलर छान मिळाला ना? झालं. आबांनी सांगितलं की एके काळी चित्रकारांचा एक तपकिरी रंग इजिप्तातली जुनी मढी दळून करायचे. हो, मढीच, माणसांची, पट्ट्या गुंडाळून ठेवलेली. आई डोळे वटारत होती, मी पायाने त्यांचा पाय दाबत होते, आणि आबा म्हणत होते, "म्हणजे या सोफ्यात नाही, काळजी नको." लग्न झालं ते नवऱ्याच्या हट्टामुळे. सासूबाई आजही त्या सोफ्यावर बसत नाहीत, पलीकडे खुर्ची टाकून बसतात.

निवृत्त झाल्यावर आबांची एकच इच्छा होती. घराला अळशीच्या फुलाचा रंग द्यायचा. त्यांचं लहानपण भडगावकडचं, गिरणेकाठचं. तिकडे तेव्हा अळशीची, म्हणजे जवसाची, शेतं होती. अळशीचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की पाकळ्या गळून जातात. आबा म्हणायचे, "सकाळच्या अळशीचा जो निळा आहे ना, त्याला कोणत्याच भाषेत नाव नाही. बघायचा आणि गप बसायचं." ते स्वतः कधी गप बसले नाहीत ही गोष्ट वेगळी. पण ते शेत डोळ्यात धरून हा माणूस म्हातारा झाला होता, आणि एकदा तरी त्या रंगाच्या घरात राहायचं होतं त्यांना.

गल्लीच्या तोंडाशी रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मालक मुसलमान, आबांच्याच वयाचे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांची आबांशी रोजची बैठक. चाचांनी शेड कार्ड पुढे ठेवलं. आबांनी त्यातली नावं मोठ्याने वाचली आणि दुकानात आलेली गिऱ्हाइकं हसून हसून बेजार झाली. एका फिकट निळ्याचं नाव होतं 'मॉर्निंग व्हिस्पर'. "सकाळी कोण कुजबुजतं हो?" आबा म्हणाले. "धुळ्यात सकाळी नळाला पाणी येतं. ओरडतात सगळे." मशीनवर रंग बनवायला त्यांनी साफ नकार दिला. पांढऱ्याच्या बादल्या आणि निळ्याच्या बाटल्या घेऊन ते आमच्या ओट्यावर बसले.

मी तेव्हा माहेरी आले होते, त्यामुळे सगळं डोळ्यांनी बघितलं. आबा एक बाटली ओतायचे, काठीने ढवळायचे, मान तिरपी करून बघायचे आणि म्हणायचे, "मळकट दिसतोय." पुन्हा बाटली. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "आबा, झाला असेल आता." त्यावर त्याला दहावीत चित्रकलेत किती मार्क होते याची आठवण करून दिली गेली. चाचा दुकानातून मुद्दाम चालत आले, बादलीत डोकावले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "सर, ये तो बहुत हो गया. ये अळशी नहीं, ये तो कुछ और ही है."

"चाचा," आबा शांतपणे म्हणाले, "तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या."

घर रंगलं. आबा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. डोळे पुसले त्यांनी. मग म्हणाले, "झालं. सकाळची अळशी." आबांना इतकं खूश मी माझ्या लग्नातही बघितलं नव्हतं. आम्ही सगळे पाठीमागे उभे. आई माझ्या कानाशी पुटपुटली, "हाई घर शे का पोयाना बैल शे?" पोळ्याचा बैलसुद्धा संध्याकाळी धुवून निघतो, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. आणि लगेच मोठ्याने आबांना ती म्हणाली, "चांगला शे."

तिने एकदा चांगला म्हटल्यावर संपलं. गल्लीतले निम्मे पुरुष आबांचे विद्यार्थी. रंगाचं नाव चुकवून छडी खाल्लेले. त्यांच्यात कोण पुढे होऊन सरांना सांगणार की रंग चुकला? येणारा-जाणारा म्हणे, "सर, एकदम अळशी!" ज्यांनी जन्मात अळशीचं फूल बघितलं नव्हतं ती पोरंसुद्धा म्हणायला लागली. समोरच्या अक्का, ज्यांच्या बैठकीत आमच्या भिंतीमुळे दिवसभर निळा उजेड पडायचा, त्यांनी गुपचूप पडदा लावून घेतला आणि आबांना सांगितलं, ऊन फार लागतं. अशी काही वर्षं गेली. खोटेपणा म्हणावा तर तो खोटेपणाही राहिला नाही, गल्लीची रीत होऊन बसली.

मग आबा अडखळायला लागले. चहात साखर समजून मीठ घातलं, पायरी चुकली. एकदा माझ्या दुकानात बसले होते तर मदत म्हणून फॉल लावून ठेवले, आणि मी बघते तर पांढरे, मोतिया आणि बदामी सगळे एका गठ्ठ्यात. आबांनी! पांढऱ्यात आणि मोतियात गल्लत करणाऱ्या पोराला ज्यांनी वर्गाबाहेर काढलं असतं त्या आबांनी. मी दुकानाला कुलूप लावलं आणि तशीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले.

डॉक्टर बाई होत्या, तरुण, हसऱ्या. म्हणाल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि आजचा नाही, जुना आहे. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करू, मग दुसऱ्याचं. आबा बाहेर जाऊन बसले तेव्हा त्यांनी मला समजावलं. "आजोबा किती वर्षं पिवळ्या काचेतून बघितल्यासारखं बघतायत. हळूहळू होतं ना, त्यांना कळत नाही. निळा रंग तर सगळ्यात जास्त मार खातो. तो त्यांना फिका आणि मळकट दिसत असणार."

मला ओट्यावर बादली ढवळणारे आबा दिसले. मळकट दिसतोय, मळकट दिसतोय, आणि बाटलीवर बाटली. तो रंग आबांनी चुकून कालवला नव्हता. त्यांच्या डोळ्यांना अळशी दिसेपर्यंत कालवला होता. आणि आता ऑपरेशन झालं की हाच माणूस लख्ख डोळ्यांनी घरासमोर उभा राहणार. ज्याच्याजवळ आयुष्यात 'मला रंग कळतो' एवढी एकच मिरवायची गोष्ट होती, तो. 

रात्रीपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. दवाखान्याच्या जिन्यातूनच भावाला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, सोपं आहे. आबांना तुझ्याकडेच ठेव. ऑपरेशन होऊन ते येईपर्यंत मी घर रंगवून टाकतो. त्यांना कळणारच नाही." कल्पना मला आवडली. अडचण चाचांनी काढली. भाऊ त्यांच्याच दुकानात होता, ते मागून फोनमध्ये ओरडले, "अरे पण कौनसा रंग? सर को घर किस रंग का दिखता है, वो तो सिर्फ सर को मालूम!"

बरोबर होतं. आबांना विचारायची सोय नव्हती. त्यांनी अळशी म्हटलं असतं, आणि मी आजच्या जळगावात अळशीचं फूल कुठून आणणार? आबांना घेऊन दुकानात परतले आणि विचार करता करता माझी नजर तिथल्या एका ओटी भरायच्या टोपलीवर गेली. तिला पिवळा जिलेटिन पेपर गुंडाळला होता. मी तो टरकन फाडून काढला, आबांना नवऱ्याच्या ताब्यात दिलं आणि धुळ्याची बस पकडली.

गल्लीत उतरून मी आबा उभे राहिले होते तिथेच, रस्त्याच्या पलीकडे उभी राहिले आणि तो पिवळा कागद डोळ्यांसमोर धरला. दुहेरी केला, मग तिहेरी. लोक थांबून बघायला लागले. बाई शहाणी होती, दुकान चालवते, असं कोणीतरी म्हणालंही.

आणि मला ते घर दिसलं. सगळा कर्कशपणा निघून गेला होता. उरला होता एक धुवट, शांत, ओलसर निळा. पहाटेचं दव अजून वाळलं नसावं असा. मी तिथे रस्त्यात उभी राहून रडले, उगाच लपवत नाही. इतकी वर्षं आम्ही ज्या घराला हसत होतो ते घर असं होतं. आबा एकटेच त्या घरात राहत होते, आणि आम्ही बाकीचे दुसऱ्याच कुठल्यातरी.

मग भावाने कागद घेतला. मग वहिनीने. चाचांनी चष्म्यावर धरून बघितलं आणि 'या अल्लाह' म्हणाले. समोरच्या अक्कांनी पडदा सारून विचारलं काय चाललंय, तर त्यांनाही दाखवलं. बघता बघता ओट्यासमोर रांग लागली. आईने शेवटी बघितलं. तिने कागद माझ्या हातात दिला आणि आत निघून गेली.

चाचांनी तो रंग शेड कार्डावर शोधला. सापडला तो नेमका 'मॉर्निंग व्हिस्पर'. हे आबांना मरेपर्यंत सांगायचं नाही अशी आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली. रंगारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार असं ठरलं.

सकाळी रंगारी शिडी घेऊन आले आणि फाटकातच थांबले. ओटा, पायऱ्या, अंगण, भिंतीच्या कडेची सगळी जागा कुरडयांनी भरलेली होती. घरात गहू आधीपासून भिजत होतेच, आईने पहाटे उठून वाळवण घातलं होतं. शिडी टेकवायला वीतभर जागा नाही. आणि दुसऱ्याच्या वाळवणात पाय घालण्याची हिंमत धुळ्यात तरी कोणाची नाही. ती मधोमध पाटावर बसली होती, हातात कावळे हाकायची काठी.

"आई, हे काय? आज घर रंगवायचं आहे ना?" मी ओरडले.

"नही."

"अगं, आबांना केवढा धक्का बसेल!"

"बसू दे," ती म्हणाली. "त्यासना डोया उघडाई ऱ्हायनात, आनि आपण परत झाकाले निंघनूत."

मी भांडले. तुला काही कळत नाही म्हणाले, ते उभे कोसळतील म्हणाले, इतकी वर्षं चांगला शे, चांगला शे कोण म्हणत होतं तेही विचारलं. तिने काठीने एक कावळा उडवला आणि म्हणाली, "मी त्यासले चांगला म्हने. भितडाले नही." मी भिंतीकडे बघितलं. कुरडया वाळेपर्यंत तीन कडक उन्हं लागतात आणि तिच्याजवळ घरात गहू भरपूर होते. रंगारी चहा पिऊन परत गेले.

इकडे जळगावात आबांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तसे ते लहान पोरासारखे झाले. एक डोळा झाकायचे, दुसरा झाकायचे. "या डोळ्याने माझा सदरा पांढरा आहे," ते म्हणाले, "आणि या डोळ्याने श्रीखंडी. मी काय इतकी वर्षं श्रीखंडी सदरे घालत होतो का गं?" माझ्या दुकानात येऊन त्यांनी एकेक गठ्ठा तपासला. रामा रंगाचा राम कोण, हे काही त्यांना नव्या डोळ्यानेही सापडलं नाही. दुपारी असोद्याला नेलं तर सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, तुमचा सोफा तपकिरी नाही, चॉकलेटी आहे. बसायला हरकत नाही." त्या बसल्या नाहीत.

पण संध्याकाळ होता होता आबा दुकानाच्या एका कोपऱ्यात अडले. आस्मानी, फिरोजी, मोरपंखी, सगळ्या निळ्यांच्या गठ्ठ्यांसमोर ते उभे होते आणि एकच गठ्ठा दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने बघत होते. आबा काही भोळे नाहीत.

"घराचा रंग कसा आहे गं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच बघा आता," मी म्हणाले आणि उगाचच फॉल मोजायला घेतले.

डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिल्यावर नवऱ्याने त्यांना गाडीतून धुळ्याला नेलं, मी बरोबर होतेच. काळा चष्मा लावून आबा गल्लीत उतरले. गल्ली सगळी बाहेर. ज्यांना छड्या बसल्या होत्या तेही आले होते, कोणी टाळ्या वाजवायला नव्हे, पण राहवेना म्हणून. आबांनी चष्मा काढला.

आधी नुसतं बघितलं. मग नवा डोळा झाकला. मग जुना. मग परत नवा. मी नवऱ्याचा दंड धरून उभी होते, तो नंतर म्हणाला वळ उठले. शेवटी आबा खाली बसले, वाळवणाच्या बाजूला पायरीवर जी काय जागा होती तिथे. घरात शुद्ध बोलणारा हा माणूस, आवाज बसल्यासारखा झाला तेव्हा त्याच्या तोंडातून त्याच्या आईची बोली निघाली.

"इतला दिन तुम्ही बठ्ठा या घरमा राह्यनात?"

"राह्यनूत," आई म्हणाली. "तुम्ही भी राह्यनातच ना."

"मग माले कोणी सांगं का नही?"

 चाचांनी घसा खाकरला. "सर, मैं तो बोला था. आपने कहा, डोळे तपासून घ्या." त्यांनी चष्मा वर सरकवला. "मैं गया भी. मेरे ठीक निकले."

आबांनी चाचांकडे बघितलं. त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. मला वाटलं रडतायत. हसत होते. इतके हसले की ऑपरेशनच्या डोळ्याला जोर पडेल म्हणून मी ओरडायला लागले, आणि मग सगळी गल्ली हसायला लागली, इतक्या वर्षांचं साठलेलं हसू एकदम सुटलं. समोरच्या अक्कांनी त्याच वेळी पडदा ओढून काढला.

हसू आवरल्यावर आबांनी परदेशी रंगाऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली. तांबडा करायला गेला आणि निळा घेऊन आला. कोणी अडवलं नाही. शेवटी ते भिंतीला हात लावून म्हणाले, "ज्या रंगाला कूळ आहे त्याला नाव पाहिजे. तपकिरीचं तपकिरीवरून. हा मोतीबिंदूपासून झाला. म्हणून हा मोतीबिंदी." चाचांनी त्याच आठवड्यात शेड कार्डावर तसं लिहिलेली एक चिठ्ठी चिकटवली. कोणीतरी तो रंग घेऊन टपरी रंगवली म्हणतात. घराला नवा रंग द्यायचा विषय भावाने काढला, तर आबाच नको म्हणाले.

इथे सगळं गोड व्हायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला आबा तयार होईनात. आज सर्दी आहे, उद्या अमावस्या आहे. ज्या माणसाने जन्मात पंचांग उघडलं नाही तो अमावस्या सांगायला लागला. भाऊ थकला, डॉक्टर मला बोलल्या, आणि एक दिवस माझं डोकं फिरलं. दुकान बंद करून मी पहिल्या गाडीने धुळ्याला गेले, आज त्यांना उचलूनच आणायचं या तयारीने.

आबा रस्त्याच्या पलीकडे, चाचांच्या दुकानातली प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले होते. उजव्या, नव्या डोळ्यावर तळहात. डाव्याने घराकडे बघत होते. वहिनी म्हणाली, रोज सकाळी असेच बसतात, ऊन चढेपर्यंत.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. 

"हा डोळा गेला की ते घर गेलं," हात न काढता आबा म्हणाले. "नव्या डोळ्याने मोतीबिंदी दिसतो. चांगला आहे, गमतीचा आहे. पण मी जे रंगवलं होतं ते नाही. आणि ते माझ्याशिवाय कोणी बघितलंच नाही. सांगू तरी कोणाला?"

मी पर्समधून तो पिवळा कागद काढला. घड्या पडून त्याला सुरकुत्या आल्या होत्या. तिहेरी केला आणि त्यांच्या नव्या डोळ्यासमोर धरला. "हात काढा," मी म्हणाले.

त्यांनी हात काढला. बघत राहिले. मग डावा डोळा झाकून बघितलं, उजवा झाकून बघितलं, कागदातून, कागदाशिवाय.

"हे तुला कधी सुचलं?"

"तुम्ही जळगावात होतात तेव्हा. मी बघितलं, आईने बघितलं, चाचांनी बघितलं. समोरच्या अक्कांनीसुद्धा. रांग लागली होती, आबा. सगळ्या गल्लीने बघितलंय तुमचं घर."

आबा माझ्याकडे वळले. वर्गात अवघड प्रश्न टाकताना बघायचे तसे.

"सकाळची का दुपारची?"

"सकाळची," मी म्हणाले.

ते उठले, खुर्ची उचलून चाचांच्या दुकानाला टेकवून ठेवली आणि कपडे बदलायला घरात निघाले. पायरीवरून मागे वळून म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. आणि तो कागद असा चुरगळून धरू नकोस. अळशी आहे ती, लगेच गळते."